तेहेतिसाव्या पानावरचा गळ

मंगळवार, १४ जानेवारी

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, पोर्ट अ‍ॅन्सेल्मच्या सार्वजनिक लायब्ररीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लव्हिनिया पेटिपा खोडरबरानं पुस्तकं पुसत होती. वेळ नक्की सांगते, कारण समोर घड्याळ होतं आणि मी ते मुद्दाम पाहिलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"साफसफाई. नव्या लायब्ररियन बाईंनी सांगितलंय. लोक पेन्सिलीनं काहीबाही करून ठेवतात ना पानांवर, ते पुसायचं. बघ, सकाळपासून एवढा ढीग केला."

तिच्या पुढ्यात रबराचा चुरा साचला होता आणि त्यात तिच्या बिस्किटाचाही. वरचं पुस्तक मी उचललं. घोडेस्वार आणि गुरं पळवणाऱ्यांची कादंबरी. तेहेतिसावं पान उघडलं. आकड्याखाली काही नव्हतं. कागदाचं साल तेवढं निघालेलं.

"इथं एक गळ होता," मी म्हटलं.

"कसला गळ?"

"मासा धरायचा. एवढासा. पेन्सिलीनं काढलेला."

"असेल गं. मी काय बघून पुसते? काळं दिसलं की रबर फिरवते."

"लव्हिनिया, तू आयुष्यात एखादं पुस्तक वाचलंयस का?"

"मी स्वयंसेविका आहे, क्लोथिल्ड. मला वाचायला कुठे सवड."

मी तिच्या हातातलं रबर घेतलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी आले. ते अजून खिशातच आहे. ही चोरी नाही, जप्ती आहे.

बुधवार, १५ जानेवारी

लायब्ररीच्या समितीला पत्र लिहायला बसले. दोन पानं झाली, फाडली. गळ म्हणजे काय हे समजावल्याशिवाय तक्रार उभी राहत नाही, आणि समजावायला लागलं की मीच वेडी दिसते. म्हणून आधी इथं लिहून बघते.

मासळीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं दर्जा तपासनीस होते. कॉड, हॅडक, जे येईल ते. कल्ले उघडायचे, वास घ्यायचा, बोटानं दाबायचं आणि खोक्यावर खडूनं रेघ मारायची. एक रेघ म्हणजे चालेल. दोन म्हणजे चांगला. तीन म्हणजे उत्तम, हा बोस्टनला जाईल. माझ्या तीन रेघा मिळवायला होडीवाले माझ्याशी गोड बोलायचे. उपयोग नसायचा.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता वाचू. पण वाचायचं काय? कॉन्व्हेंटात सिस्टर सेंट-आल्फोन्सनं आम्हाला संतांची चरित्रं दिली आणि इतर सगळ्या पुस्तकांबद्दल सावध केलं. त्यामुळे साठीला टेकलेली मी त्या कपाटांपुढे उभी राहिले तेव्हा परगावच्या बाजारात आल्यासारखं झालं. कशाचा वास कसा असतो तेच ठाऊक नाही. एक पुस्तक उगीच काढलं, चाळलं, तर तेहेतिसाव्या पानाच्या आकड्याखाली छोटासा गळ. पुस्तक वाचलं. चांगलं निघालं. पुढच्या खेपेला शोधून गळवालंच घेतलं. तेही चांगलं. मग कळलं की काही पुस्तकांत दोन गळ आहेत, आणि अगदी थोड्यांत तीन.

मला काही समजावून सांगावं लागलं नाही. कुणीतरी या गावात माझ्यासारखंच काम करत होतं. पुस्तकांचा दर्जा ठरवत होतं, गाजावाजा न करता.

अकरा वर्षं मी त्याच्या मागून वाचतेय. खुनाच्या कथा, ध्रुवावरचे प्रवास, मिठाचा इतिहास, भुतांच्या गोष्टी, मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईच्या कविता, ज्या मी एरवी चिमट्यानंही उचलल्या नसत्या. त्याला सगळं चालतं. 'त्याला' असं लिहिलं, कारण गळाची रेघ जोरात दाबलेली असते. बाईची असती तर नेटकी आली असती. तो कोण, मला माहीत नाही. कधीकधी पुस्तक मिटल्यावर मी मोठ्यानं सांगते, "शेवट फसलाय, तुम्ही याला दोन कसे दिलेत?" घरात दुसरं कुणी नाही, म्हणून चालतं.

हे समितीला लिहिता येणार नाही. त्यांना मी एवढंच लिहिलं की सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होत आहे.

सोमवार, २० जानेवारी

नव्या बाई, मेरेडिथ पॉल्सन, यांनी बोलावून घेतलं. ओंटारियोहून आलेली आहे, तिशीची, आवाज मऊ. चहा दिला. कपात पिशवी तशीच ठेवून.

"मिस सॅमसन, पत्र वाचलं मी. तुम्ही म्हणता त्या खुणा मला माहीत आहेत. प्रत्येक लायब्ररीत असतात. कुणी गोल काढतं, कुणी आद्याक्षर, कुणी टिंब. बहुतेक वयस्कर वाचक करतात, कारण त्यांना..."

"वयस्कर म्हणजे कोण?" मी विचारलं.

ती गोरीमोरी झाली. "म्हणजे, अनुभवी वाचक."

"अनुभवी म्हण. आणि गळ कोण काढतं ते सांग."

"ते मला माहीत असलं तरी सांगता येणार नाही. कोण काय वाचतं हे गुप्त ठेवायचा नियम आहे. तुमचंही मी कुणाला सांगत नाही."

"माझं खुशाल सांग. मी लाज वाटेल असं वाचत नाही."

"मागच्या महिन्यात तुम्ही ती समुद्री चाच्याची प्रेमकथा..."

"तिच्यावर गळ होता," मी म्हटलं.

ती हसू दाबत होती, मला दिसलं. मग म्हणाली की पुसणं ती थांबवेल. लव्हिनियाला सांगेल. आणि एक टेबल मांडेल, वाचकांनी आपापलं नुकतंच वाचलेलं पुस्तक तिथं ठेवायचं, सोबत चिठ्ठी. "तुम्हाला शिफारशींची एवढी आवड आहे, तर तुम्हीच सुरुवात करा ना."

मला शिफारशींची आवड नाही. मला एकाच माणसाची शिफारस हवी असते. पण निघताना वाटलं, चिठ्ठी तोही वाचेल. गळ टाकणारा एक, तर आमिष लावणारी दुसरी का नसावी?

मंगळवार, २८ जानेवारी

टेबल मांडलं गेलं. मी चार पुस्तकं ठेवली. चिठ्ठ्या पाठ आहेत, कारण प्रत्येकीचे तीन खर्डे झाले.

घोडेस्वारांच्या कादंबरीवर: "यात अक्कल फक्त घोड्याला आहे. म्हणून वाचावी."

मिठाच्या इतिहासावर: "जाड आहे. घाबरू नका. मीठ कसं युद्ध लावतं आणि सोयरीक जुळवतं ते कळेल. वाचताना जवळ पाणी ठेवा."

कवितांवर: "यमक नाही. मलाही आधी राग आला होता. मग एका सकाळी बर्फ उपसताना त्यातली एक ओळ आठवली आणि मी फावडं टेकून उभी राहिले."

खुनाच्या कथेवर: "खून डॉक्टरनं केला आहे. आता घाई न करता बाकीचं पुस्तक नीट वाचता येईल."

शेवटची चिठ्ठी मेरेडिथनं दुपारपर्यंत काढून टाकली. इतरांच्या चिठ्ठ्या बघितल्या. एकीनं स्वयंपाकाच्या पुस्तकावर लिहिलंय, "काकवीचा पाव फसला, पण फोटो सुंदर." लव्हिनियानं एका पुस्तकावर लिहिलंय, "छान. अक्षर मोठं आहे." मी तिला विचारलं, वाचलंस? म्हणाली, अक्षर बघितलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रोज जाते. माझी चारही पुस्तकं लोकांनी नेली, मिठाचा इतिहाससुद्धा. मेरेडिथ खूश आहे. एक पुस्तक परत आलं की मी आधी तेहेतिसावं पान बघते.

काही नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज सापडला. नव्या पुस्तकांच्या कपाटात. हे पुस्तक पानगळीत आलं, म्हणजे गळ ताजा आहे, आणि एक नव्हे, दोन नव्हे, चार. अकरा वर्षांत मी चार पाहिले नव्हते. रेघ जरा कापरी आहे, पण त्याचीच.

पुस्तक छातीशी धरून घरी आले. थंडीनं.

सोमवार, १० फेब्रुवारी

वाचलं. पाव भाजणारी एक बाई आणि तिचं मांजर मिळून खुनी शोधतात. मांजर. खुनी पहिल्याच प्रकरणात दारात उभा राहतो आणि सगळ्या गावाला सोडून फक्त वाचकाला दिसतो. याला चार?

रागानं ताटातले फिशकेक तसेच टाकले. एकतर तो माझी चेष्टा करतोय, पण त्याला मी कुठे माहीत आहे. किंवा त्याची चव गेली. असं होतं. आमच्याकडे एका तपासनिसाला वास यायचा बंद झाला होता, तर वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. किंवा मग मला काही दिसत नाहीये, जे त्याला दिसलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

परत वाचलं. मांजर तेवढं वाईट नाही. आणि एके ठिकाणी ती पाववाली पहाटे भट्टी लावते आणि नवऱ्याच्या वाटणीचा पाव चुकून करून बसते. नवरा जाऊन सहा वर्षं झालीत. ते पान मी दोनदा वाचलं. पण एका पानाला चार गळ मिळत नाहीत. मी नसते दिले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लव्हिनिया बर्फावर घसरली आणि मनगट मोडून घेतलं. भेटायला गेले. ओटची बिस्किटं नेली. ती रडवेली.

"गुरुवारी टेकडीवरच्या वृद्धनिवासात पुस्तकांची पिशवी कोण नेणार गं? मेरेडिथ एकटी, तिला जाता येत नाही. म्हातारी माणसं वाट बघतात."

"बघू देत. त्यांना दुसरं काय काम आहे?"

"असं नको बोलू. एक तर बिचारा दर वेळी पेन्सिल मागतो. नेलेली हरवतो आणि पुन्हा मागतो. आधी शाळेची बस चालवायचा, मर्डॉक रँकिन. पोरं शाळेत असायची तेव्हा बसमध्ये बसून वाचायचा म्हणे."

मी बिस्किटाचा डबा बंद केला. म्हटलं, तुझं मनगट बरं होईपर्यंत मी जाईन. उपकार म्हणून.

"देव तुझं भलं करो," लव्हिनिया म्हणाली. तिला मी काही सांगितलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

निळा कोट घातला. बाकीचे कोट ओले होते.

तो खिडकीशी बसला होता. मोठा माणूस, हात फावड्यासारखे, स्वेटरची बटणं एक घर चुकलेली. मी पिशवी ठेवली. त्यानं एकेक पुस्तक काढलं, सुरुवातीकडचं एक पान उघडलं, पाहिलं आणि बाजूला ठेवलं. एकामागून एक, डावीकडे. कोणतं पान ते मला लांबूनही कळत होतं.

"काय बघता?" मी विचारलं.

"वाचलंय का ते. वाचून झालं की मी इथं खूण करतो. आमची ही म्हणायची, मर्डॉक, तेच पुस्तक तिसऱ्यांदा उचलून आणलंस. तेव्हापासून करतो."

"आणि दोन खुणा असतील तर? तीन?"

तो हसला. पुढचा एक दात नाही. "तर तेवढ्यांदा विसरलो, सिस्टर. सुरुवातीला बघायचं राहून जातं. वाचून संपवतो, खूण करायला जातो, तर खूण आधीच असते. मग शेजारी दुसरी काढतो. हिशेब चोख ठेवावा माणसानं."

"मी कॉन्व्हेंटातली सिस्टर नाही."

"आवाज तर तसाच आहे."

मी खुर्ची ओढून बसले. "म्हणजे पुस्तक चांगलं होतं की वाईट, याचा या खुणेशी काही संबंध नाही?"

"ते आता कसं सांगू? वाचलंय, एवढं मात्र नक्की."

अकरा वर्षं. मी एका माणसाच्या विसराळूपणाला दर्जाची खूण समजून वाचत होते. एकतीस वर्षं खोकी तपासणारी बाई मी. कल्लेसुद्धा उघडून पाहिले नाहीत.

उठून यावं असं वाटलं. तेवढ्यात त्यानं पिशवीतलं शेवटचं पुस्तक बघून डावीकडच्या ढिगावर ठेवलं आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथं एकही पुस्तक नव्हतं.

"सगळी वाचलेली निघाली," तो म्हणाला. "आठवत एकही नाही. मग या आठवड्यात काय करायचं?"

मी म्हटलं, बदलून आणते. पिशवी घेऊन बाहेर गेले आणि तिथल्या बाकावर बसले. कोटाचा खिसा चाचपला. निळाच कोट घातला होता मी त्या दिवशी लायब्ररीत. लव्हिनियाचं रबर निघालं. सहा पुस्तकांतले अकरा गळ मी स्वतःच्या हातानं पुसले, कागदाचं साल न काढता. मग पिशवी आत नेऊन दिली.

त्यानं पहिलं पुस्तक उघडलं, तेहेतिसावं पान बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे नवीन दिसतंय."

हे समितीला कळलं तर माझं काय करतील, माहीत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चमध्ये मिस्साला गेले. प्रवचन ऐकू आलं नाही, कारण मी हिशेब करत होते.

तो खूण करतो पुस्तक संपल्यावर. न आवडलेलं पुस्तक माणूस संपवत नाही. निदान बसमध्ये तरी नाही, तिथं मिटून झोपता येतं. म्हणजे तीन गळ असलेल्या पुस्तकानं त्याला तीनदा धरून शेवटापर्यंत नेलं, तिन्ही वेळा पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. यापेक्षा कडक तपासणी कुठली? मी एक मासा तीनदा नव्यानं हुंगलेला नाही. दुसऱ्यांदा माझं मत आधीच ठरलेलं असायचं.

मांजराच्या पुस्तकाबद्दल माझं म्हणणं मात्र कायम आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळख करून दिली. "क्लोथिल्ड सॅमसन, लायब्ररीतून आले." तो म्हणाला, "या सिस्टर."

आज पिशवी मी स्वतः भरली होती. प्रत्येक पुस्तकाबद्दल सांगितलं. घोडेस्वारांचं हातात दिलं तर म्हणाला, "यातला घोडा हुशार असणार. चित्रात मालकापेक्षा सरळ बघतोय." कवितांचं दिलं. त्यानं एक वाचली, ओठ हलवत, आणि म्हणाला, "याला यमक नाही."

"नाही."

"बरं झालं. यमक असलं की पुढे काय येणार ते आधीच कळतं. बस चालवताना रस्ता सरळ असला की झोप येते, तसं."

अकरा वर्षं मी ज्याच्याशी स्वयंपाकघरात मोठ्यानं भांडत होते तो असंच बोलेल असं मला वाटलं होतं. अगदी असंच नाही. मी त्याला थोडा शिकलेला आणि थोडा उंच कल्पिला होता. तेवढं चालेल.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. चाळीस दिवस काहीतरी सोडायचं असतं. दरवर्षी मी गोड सोडते. या वर्षी काय सोडावं याचा विचार केला आणि विचारच सोडून दिला.

गुरुवार, ६ मार्च

त्याचे डोळे लवकर थकतात. म्हणून मी वाचून दाखवते. बंदरातल्या एका विधवेची कादंबरी आणली आहे. माझीही वाचलेली नाही. तिच्या तरुणपणी निघून गेलेल्या खलाशानं तिला परदेशातून जहाजाचं तिकीट पाठवलंय. ती पेटी भरते, रिकामी करते, परत भरते.

"बाई जाणार नाही," मर्डॉक म्हणाला. "शेजारणी काय म्हणतील याचा विचार करत बसेल."

"तुम्हाला बायकांचं काय कळतं?"

"तीस वर्षं बस चालवली, सिस्टर. पोरींना बसमध्ये चढायचं असलं तरी आधी मागं वळून बघतात."

"वळून बघतात म्हणजे चढत नाहीत असं नव्हे."

"लावता पैज?"

"मी पैज लावत नाही. सिस्टर आहे ना मी." हे माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. तो इतका हसला की परिचारिका डोकावून गेली.

गुरुवार, १३ मार्च

वादळ. रस्ता बंद. दिवसभर खिडकीशी बसून टेकडीकडे बघितलं, टेकडी दिसत नव्हती. विधवेचं पुस्तक त्याच्याकडे ठेवलंय, त्यामुळे पुढे वाचताही येईना. दुसरं काही उघडलं, मिटलं. आधी मी कसे दिवस काढत होते, आठवावं लागलं.

सोमवार, १७ मार्च

रस्ता उघडला. गुरुवारपर्यंत थांबायचं कशाला म्हणून आजच गेले. विधवा पेटी घेऊन धक्क्यापर्यंत आली. जहाजाचा भोंगा झाला. तेवढ्यात जेवणाची घंटा वाजली आणि त्याला उठवून नेलं. पान दुमडायला मला आवडत नाही, पण दुमडलं.

तो दारातून वळून म्हणाला, "माझ्याशिवाय पुढे वाचू नका."

मी म्हटलं, "पुस्तक तुमच्या उशाशी आहे. तुम्हीच वाचू नका."

गुरुवार, २० मार्च

खोली रिकामी. पलंगावर नवी चादर.

परिचारिकेनं सांगितलं, मंगळवारी मुलगी आली, इस्ला, हॅलिफॅक्सहून. वडिलांना आपल्या घरी घेऊन गेली. बरेच दिवस ठरलेलं होतं, तिथली खोली तयार व्हायची वाट बघत होते. मुलगी चांगली आहे, खालची खोली दिली आहे, बागेकडे खिडकी. ऐकून घेतलं. कुणाचा काही दोष नाही, हे जास्त वाईट.

पत्ता मागितला तर म्हणाली, नियमात बसत नाही, पण पत्र आणून दिलंत तर आम्ही पाठवू.

"पुस्तक कुठे आहे?" मी विचारलं. "लायब्ररीचं."

"उशाशी होतं ते? सोडेनात. मुलीनं सामानात घेतलं, पोस्टानं परत करीन म्हणाली." मग चादर ओढता ओढता म्हणाली, "जाताना सारखं विचारत होते, सिस्टर कुठे आहेत, सिस्टरना सांगितलं का. आम्हाला वाटलं, लहानपणच्या शाळेतल्या कुणी असतील."

"असतील," मी म्हटलं. "या भागात सिस्टर पुष्कळ होत्या."

शनिवार, २२ मार्च

मेरेडिथनं विधवेच्या कादंबरीची दुसरी प्रत दुसऱ्या गावाहून मागवून देते असं सांगितलं. चार दिवसांत येईल म्हणाली.

मी नको म्हटलं. मग तिनं चहा केला आणि या वेळी कपातली पिशवी काढून टाकली.

मंगळवार, २५ मार्च

पाठवायच्या पत्राची ही नक्कल. मूळ पत्र आज वृद्धनिवासात देऊन आले.

"श्री. मर्डॉक रँकिन यांस,

पोर्ट अ‍ॅन्सेल्मच्या सार्वजनिक लायब्ररीचं एक पुस्तक आपण परवानगीशिवाय हॅलिफॅक्सला नेलं आहे. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. ते नेण्यात आपल्या मुलीचा हेतू चांगला होता असं मला सांगण्यात आलं.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण आणि मी ते पुस्तक अर्ध्यापर्यंत मिळून वाचलं आणि आपण मला धक्क्यावर उभं करून निघून गेलात. आपल्याला हे आठवत नसेल. मी आपल्याला दर गुरुवारी नव्यानं ओळख करून देत असे, तशीच पुन्हा करून देते: क्लोथिल्ड सॅमसन, लायब्ररीकडून. आपण मला सिस्टर म्हणत होता. मी हरकत घेतली होती. ती हरकत मी मागे घेते.

आपल्या मुलीला सांगावं की दुमडलेल्या पानापासून पुढे तिनं आपल्याला वाचून दाखवावं. फार घाई न करता. मध्ये आपण काही बोललात तर तिनं थांबावं. आपण बोलता ते पुस्तकातल्यापेक्षा बरं असतं. आपल्या मते ती बाई जाणार नव्हती. माझं मत वेगळं होतं आणि अजून आहे. तिची पेटी भरलेली आहे, भोंगा झालेला आहे, आणि तिच्या वयाला आणखी थांबणं परवडत नाही हे तिला कळायला हवं.

दुसरी प्रत मला मिळू शकते. ती मी वाचणार नाही. ही गोष्ट मला आपल्याकडूनच कळायला हवी.

पुस्तक परत करण्याची मुदत ८ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आहे. त्याआधी आपण मला लेखी कळवावं. तोंडी निरोप चालणार नाही, मुलीनं आपल्या वतीनं लिहिलेलं चालणार नाही. अक्षर कसंही असो. एका ओळीचं उत्तर पुरे: ती जहाजावर चढली की नाही."